धावण्यास मनाई: वॉकिंग फुटबॉलची गोष्ट

आज आपण ज्या खेळाबद्दल बोलणार आहोत, त्यात खेळाडू धावला की चेंडू समोरच्या संघाला मिळतो. फुटबॉलमधून धावणंच काढून टाकलं तर उरतं काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. त्याकडे येऊ. आधी थोडा इतिहास.

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात चेस्टरफील्ड नावाचं शहर आहे. मुलूख एकेकाळी कोळशाच्या खाणींचा. तिथल्या चर्चचा उंच कळस चक्क पिळवटलेला आणि वाकडा आहे, आणि त्या कळसावरूनच गावच्या फुटबॉल क्लबला 'स्पायराइट्स' हे नाव पडलं. 2010 मध्ये क्लबने सॉल्टरगेटचं जुनं मैदान सोडून नव्या स्टेडियममध्ये बिऱ्हाड हलवलं. पुढच्याच वर्षी, म्हणजे 2011 मध्ये, क्लबच्या सामाजिक काम पाहणाऱ्या ट्रस्टचे जॉन क्रूट यांनी पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी चालत खेळायचा फुटबॉल सुरू केला. अशा ट्रस्टांचं काम एरवी शाळकरी मुलांभोवती फिरतं. म्हाताऱ्यांच्या वाट्याला प्रेक्षकाची खुर्ची. 2014 मध्ये बार्कलेज बँकेने टीव्हीवरच्या जाहिरातीत हा खेळ दाखवला आणि तो देशभर माहीत झाला. बँकेच्या जाहिरातीने एखाद्या खेळाचं भलं व्हावं, याची आम्हाला गंमत वाटते. पण झालं खरं तसं.

आता नियम. एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा. धक्काबुक्की नाही. चेंडू डोक्याच्या वर उडवायचा नाही, त्यामुळे हेडर संपलं. मैदान लहान, संघात पाच-सहा-सात माणसं. ऐकताना हे सगळं पथ्यपाण्यासारखं वाटतं. पण बघा, कुणालाच धावता येत नाही म्हटल्यावर वेगाची मिरासदारी संपते. पुढे लांब चेंडू टाकून कुणाला पळवता येत नाही. चेंडू पायाशी थांबवणं, मान वर करून बघणं, नेमक्या क्षणी पास देणं आणि पास मिळेल अशा जागी आधीच जाऊन उभं राहणं, यावर सामना ठरतो. ही विद्या विशीत शिकलेली असली तर सत्तरीतही बरीच शिल्लक असते. आधी जातात ते गुडघे आणि दम.

बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने 1978 च्या 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची व्याख्या केली आहे. आमच्या शब्दांत सांगायचं तर, गरज नसलेले अडथळे आपखुशीने अंगावर घेऊन ते पार करण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. गोल्फचा चेंडू हाताने नेऊन खळग्यात टाकणं सोपं, पण तो गोल्फ नव्हे. या दृष्टीने धावण्याची बंदी ही म्हातारपणाला दिलेली सूट ठरत नाही. तो खेळाचा अडथळाच आहे, आणि सगळ्यांना सारखा आहे. डॉक्टर 'धावू नका' म्हणतात तेव्हा माणूस रुग्ण होतो. पंच तेच म्हणतो तेव्हा तो खेळाडू असतो. आम्हाला या खेळाचं आकर्षण इथे दिसतं. बागेत फेऱ्या मारूनही तब्येत राखता येते, आम्हीही मारतो; पण बागेत कुणी आपल्या पायातला चेंडू काढून घ्यायला येत नाही. सत्तरीच्या माणसाला सांभाळून घेणारे पुष्कळ भेटतात, त्याला हरवायची मनापासून इच्छा असणारा क्वचितच.

आणि हा अडथळा खराच अवघड आहे. गोल समोर दिसला की पाय आपोआप पळू लागतात. मग वाद! धावला की भरभर चालला? चालण्याच्या शर्यतीत हाच तंटा 1908 च्या लंडन ऑलिंपिकपासून चालत आला आहे, आणि तिथेही पाय उचलला गेला का, याचा निवाडा पंच नुसत्या डोळ्यांनीच करतात.

स्त्रियांचा इतिहास मात्र निराळा आहे. 1920 च्या 26 डिसेंबरला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या संघाचा सामना पाहायला सुमारे 53,000 माणसं जमली होती. पुढच्याच डिसेंबरात इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ बायकांना योग्य नाही असं ठरवून आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ही बंदी उठली 1971 मध्ये. आता हिशेब करा. 1950 मध्ये जन्मलेल्या मुलीचं सगळं शाळकरी वय त्या बंदीत गेलं. चेस्टरफील्डला हा खेळ सुरू झाला तेव्हा ती 61 वर्षांची होती. तिच्याबरोबर खेळणारे पुरुष सुटलेलं काहीतरी पुन्हा हाती घेत असतात. तिला मात्र चेंडू पायाने कसा थांबवायचा, इथपासून सुरुवात करायची असते. आणि धावण्याची मुभा तिला तेव्हा नव्हती, ती आताही नाही.

बराच वेळ झाला. प्रश्न घेऊ या, मागच्या रांगेपासून.