ठोकळ्यांचा वारसा

खेळण्यांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा मुलाचाच विचार करतो. त्याच्या शेजारी बसून खेळणारे आईबाप त्यातून निसटतात. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिख फ्रोबेल (१७८२–१८५२) याच्या विचारात मात्र त्यांना मानाचे स्थान होते. तान्हेपणीच आईला पारखा झालेल्या फ्रोबेलने १८४४ मध्ये मातांसाठी खेळगीतांचे पुस्तक काढले, आणि मुलांसाठी 'भेटी' या नावाने खेळसाहित्याची मालिका तयार केली. त्यातील तिसऱ्या भेटीत आठ छोटे लाकडी घन असत. ते जुळवले की एक मोठा घन होई. रचना पाडून टाकायची नाही, तिच्यातूनच पुढची घडवायची आणि एकही ठोकळा बाजूला उरू द्यायचा नाही, अशी शिस्त होती. प्रशियाच्या शासनाने १८५१ मध्ये बालोद्यानांवर घातलेली बंदी १८६० मध्ये उठली. पण तोवर जर्मन स्थलांतरितांनी ही पद्धत अमेरिकेत नेली होती.

१८७६ च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनात ॲना राइट या शिक्षिकेने हे साहित्य पाहिले आणि आपल्या मुलासाठी घरी आणले. तो मुलगा म्हणजे पुढे विख्यात झालेला वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट. त्या गुळगुळीत ठोकळ्यांचा स्पर्श बोटांना आयुष्यभर आठवत राहिला, असे त्याने १९३२ च्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. मुलगा वास्तुशिल्पीच होणार, हे आईने त्याच्या जन्माआधीच ठरवले होते, असेही तो सांगतो. येथे वाचकाने थोडे सावध व्हावे. १८६७ मध्ये जन्मलेला राइट तेव्हा नऊ वर्षांचा होता, म्हणजे बालोद्यानाचे वय त्याने ओलांडलेले होते. आत्मचरित्रकार आपल्या यशाचा उगम बालपणात शोधतो, तेव्हा स्मरण आणि रचना एकमेकांत मिसळतात. तरीही आईने मुलाच्या हातात ठोकळे दिले, यातील जिव्हाळा त्यामुळे खोटा ठरत नाही.

राइटने १८९५ मध्ये ओक पार्क येथील घरात मुलांसाठी उंच कमानदार छताचे प्रशस्त क्रीडादालन बांधले. तेथे वाढलेला त्याचा मुलगा जॉन (१८९२–१९७२) हाही वास्तुशिल्पी झाला. १९०९ मध्ये राइट कुटुंब सोडून युरोपला गेला. पुढे टोकियोतील इंपीरियल हॉटेलच्या कामावर जॉन पित्याचा साहाय्यक होता; पण मोबदल्यावरून दोघांत वितुष्ट आले आणि पित्याने त्याला कामावरून काढले. त्याच हॉटेलच्या पायातील एकमेकांत अडकणाऱ्या तुळयांवरून जॉनला खाचांच्या छोट्या ओंडक्यांचे खेळणे सुचले, असे सांगितले जाते. 'लिंकन लॉग्ज' या नावाने ते प्रसिद्ध झाले आणि १९२० मध्ये त्याचे एकस्व जॉनला मिळाले.

जॉनने १९४६ मध्ये पित्यावर पुस्तक लिहिले. म्हणजे मुलाने आईविषयी लिहिले आणि नातवाने बापाविषयी. या घराण्यात आईबापांची हकीकत लेकरांच्याच लेखणीतून आपल्यापर्यंत पोहोचते. फ्रोबेलचा नियम होता, आधीची रचना न मोडता नवी घडवावी. नात्यात तो नियम या पितापुत्रांना पाळता आला नाही. बापाने दिलेली बांधकामाची ओढ मात्र मुलाने टाकून दिली नाही. तिच्यातूनच त्याने दुसऱ्यांच्या मुलांसाठी खेळणे घडवले.