पोट बिघडलं, पोस्ट टाकली!

बाहेरचं खाऊन पोट बिघडलं की आपण काय करतो? ओआरएस पितो, हॉटेलवाल्याला चार शिव्या घालतो आणि हल्ली ग्रुपवर दोन ओळी टाकतो. आरोग्य खात्याकडे तक्रार करायला कोण जातं? अमेरिकेतही फारसं कुणी जात नव्हतं.

१८५४ मध्ये लंडनला कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. जॉन स्नो घरोघर विचारत फिरले, पाणी कुठल्या पंपाचं पिता? शिकागोच्या आरोग्य विभागाने मार्च २०१३ पासून तीच चौकशी ट्विटरवर सुरू केली. प्रयोगाचं नाव ‘फूडबोर्न शिकागो’. विषबाधेचा उल्लेख असलेली त्या भागातली ट्विट एक प्रोग्रॅम शोधायचा. पण खरं काम त्यानंतरचं. माणसं बसून ती ट्विट वाचायची. थट्टा कुठली, खरं आजारपण कुठलं, हे निवडायची. मग लिहिणाऱ्याला उत्तर जायचं : हा तक्रारीचा फॉर्म, हॉटेलचं नाव कळवा.

जानेवारी २०१४ पर्यंत २,२४१ ट्विट सापडली. त्यात नेमकी तक्रार फक्त २७० मध्ये. फॉर्मवरून १९३ तक्रारी आल्या, १३३ हॉटेलांची तपासणी झाली आणि २१ नापास होऊन बंद झाली. दोन ओळींच्या रागातून एवढं झालं!

न्यूयॉर्कने त्याच सुमारास येल्पवरचे हॉटेलांबद्दलचे सुमारे २ लाख ९४ हजार अभिप्राय चाळले. आजारपणाचे ४६८ निघाले. त्यातल्या जेमतेम ३ टक्के प्रकरणांची तक्रार शहराच्या हेल्पलाइनवर झाली होती. कुठेच नोंद नसलेले विषबाधेचे ३ प्रकार यातून उघडकीस आले.

आता, ज्याच्याकडे मोबाईल नाही तो गाड्यावर खाऊन आजारी पडला तर या आकड्यांत कुठेच नाही, हेही खरंच. पण ज्यांच्याकडे आहे, त्यांचं तरी काय होतं?

गेल्या लग्नसराईत आमच्याकडे एका पंगतीनंतर ग्रुपवर रात्रभर मेसेज येत होते. उलट्या, जुलाब, कुणाला सलाईन. सकाळी बातमीसाठी ग्रुप उघडला तर निम्मे मेसेज डिलीट. एकाला फोन केला, तर म्हणाला, “दादा, पाहुण्यांतलं लग्न आहे, जाऊ द्या ना.”

माझ्याकडे रात्रीचे अकरा स्क्रीनशॉट होते. ते घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. साहेबांनी एकेक नीट पाहिला, मोबाईल परत दिला आणि म्हणाले, “लेखी तक्रार आहे का?”