रीसेट मारण्याआधी

मध्यंतरी एका रविवारी रावेतहून चाकणला मामाच्या वर्कशॉपवर गेलो होतो. सीएनसी मशीनला जोडलेल्या पीसीचं नेटवर्क गेलं होतं. मी इंजिनियर भाचा! काळी खिडकी उघडली, 'नेटश इंट आयपी रीसेट' मारलं, रीस्टार्ट केलं. नेटवर्क आलं नाहीच, वर हाताने भरलेला आयपी पत्ताही साफ. मामा म्हणाला, "अरे, तो पत्ता कोणी लिहून ठेवलाय?"

घरी येऊन या कमांडचा इतिहास चाळला. विंडोज ९५-९८ मध्ये टीसीपी/आयपी हा सुटा घटक होता. बिघडला की काढायचा, सीडी घालून परत टाकायचा. २००१ च्या एक्सपीत तो सिस्टिमचा गाभाच झाला, काढायची सोय संपली. त्याऐवजी आली ही रीसेट. ती रजिस्ट्रीतल्या टीसीपी/आयपीच्या नोंदी मूळ अवस्थेत नेते. म्हणजे ही दुरुस्ती नव्हे, जवळजवळ नवं इन्स्टॉलेशनच!

घरी हे कधी जाणवत नाही. कारण १९९३ साली आलेलं डीएचसीपी. रीसेटनंतर राउटर पत्ता आपोआप पुन्हा देतो. कारखान्यात मात्र मशीनचे पत्ते बऱ्याचदा हातानेच भरलेले असतात. ते कोण परत देणार?

शेवटी दुसऱ्या पीसीच्या सेटिंगवरून पत्ता शोधला. तोवर दोन शिफ्ट वाया. आता आधी 'आयपीकॉन्फिग /ऑल', मग कागदावर नोंद, मगच रीसेट. मामाने तो कागद पीसीवरच चिकटवलाय.

आणि मूळ बिघाड? केबल सैल होती. असो :)