काटकसर आणि वास्तुरूप: शिकागोतील मोनॅडनॉक इमारत

शिकागो नगरातील मोनॅडनॉक ही सोळा मजली कचेरी-इमारत वास्तुकलेच्या इतिहासग्रंथांत बहुधा आधुनिकतेची पूर्वखूण म्हणून येते. तिच्या उत्तरेकडील भागाची निरलंकृत विटांची भिंत पाहून पुढील पिढ्यांतील समीक्षकांस आपल्याच तत्त्वांचे बीज तिच्यात दिसले, हे स्वाभाविक होय. तथापि त्या भिंतीचा उगम प्रथमतः जमाखर्चात शोधावा लागतो.

इमारतीचे मालक पीटर व शेपर्ड ब्रुक्स हे बॉस्टनचे धनिक बंधू. शिकागोतील त्यांचा कारभार ओवेन आल्डिस पाहत असत. १८८१ मध्ये मॉन्टॉक ही इमारत योजतानाच पीटर ब्रुक्स यांनी आल्डिस यांस कळविले होते की, इमारत उपयोगासाठी असावी, शोभेसाठी नव्हे. मोनॅडनॉकच्या वेळी त्यांचा आग्रह अधिकच बारकाईचा झाला. भिंतीवर पुढे आलेला प्रत्येक भाग म्हणजे धुळीचे घर व कबुतरे-चिमण्यांचे बसण्याचे ठिकाण, आणि त्याने इमारतीच्या बळकटीत काहीच भर पडत नाही, असे त्यांचे म्हणणे. यात सौंदर्यशास्त्र शोधू गेल्यास निराशाच पदरी येईल. हा साफसफाईचा खर्च मोजणाऱ्या घरमालकाचा विचार आहे.

वास्तुशिल्पी जॉन रूट यांनी १८८५ च्या सुमारास केलेल्या आराखड्यांत इजिप्शियन वळणाचे अलंकरण होते. रूट गावी नसताना त्यांचे भागीदार डॅनियल बर्नहॅम यांनी साध्या, सरळ दर्शनी बाजूचा आराखडा काढविला. रूट प्रथम रागावले, परंतु पुढे इजिप्शियन महाद्वाराच्या जड, उतरत्या रेषांची कल्पना त्यांच्या मनात रुजली, अशी हकीकत सांगितली जाते. अलंकार गेला; रूप मात्र उरले. तळाशी किंचित पसरणारी, माथ्याशी पुन्हा बाहेर झुकणारी आणि वर जाताना कोपरे अधिकाधिक तासलेली ती भिंत साधण्यासाठी विटा मुद्दाम साच्यातून पाडाव्या लागल्या. पुढे आलेल्या भागांना मालकांचा विरोध असतानाही रांगेने बाहेर काढलेल्या खिडक्या राहिल्या. त्यांनी खोल्यांस उजेड व भाड्याची जागा दोन्ही वाढवून दिली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. जे पुढे आलेले अंग उत्पन्न देई, त्यास बहुधा धूळ लागत नसावी.

खरी विसंगती भिंतीच्या जाडीत आहे. त्या वेळी शिकागोत लोखंडी सांगाड्याची पद्धत अवतरली होती. होम इन्शुअरन्स इमारत १८८५ मध्येच उभी राहिली. परंतु जुन्या वळणाच्या मालकांनी भारवाही भिंतींचाच आग्रह धरला. सोळा मजल्यांचा भार पेलण्यासाठी तळमजल्याच्या भिंती सुमारे ६ फूट जाड कराव्या लागल्या. आपल्याकडील गढीच्या तटास शोभावी अशी ही जाडी, आणि तीही दुकानास सर्वांत मोलाची असलेल्या रस्त्यालगतच्या जागेत! शिकागोच्या मऊ चिकणमातीवर एवढे वजन ठेवण्यासाठी लोखंड व काँक्रीटचा तराफ्यासारखा पाया घालण्यात आला. इमारत ८ इंच खचेल असा अंदाज होता. ती त्याहून कितीतरी अधिक खचली. आतून वाऱ्याच्या जोरास तोंड देणाऱ्या लोखंडी चौकटी बसविल्या होत्या, व जिन्यांत त्या काळी नवलाईचे असलेले अल्युमिनियम वापरले होते. म्हणजे काटकसरीचा नियम सर्वत्र सारखा लागू नव्हता.

रूट जानेवारी १८९१ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी हा भाग पुरा झाला. दक्षिणेकडील भाग १८९३ मध्ये होलाबर्ड व रोश या वास्तुशिल्पींनी पुरा केला. त्यात पोलादी सांगाड्याचा मोठा आधार घेतल्याने तो वजनाने हलका व खर्चाने कमी ठरला, आणि भाड्याजोगी जागाही अधिक मिळाली. या स्वस्त भागास मात्र मृण्मय नक्षी आहे, आणि माथ्यावर तांब्याचे कॉर्निसही.