सोमाली सोशल मीडिया समजून घेऊया: टोपणनावं, टिंगल आणि कबिल्यांचं राजकारण

सोमालिया म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात: दुष्काळ आणि समुद्री चाचे. मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाने ३५ सोमाली चाच्यांना पकडून मुंबईत आणलं, तेव्हा तर सगळ्या मराठी चॅनेलवर हीच बातमी होती. शाळेत एखादा मुलगा बारीक असला की "सोमालियातून आलायस का?" असं चिडवणंही आपल्याकडे सर्रास चालतं.

पण मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि एखादा समाज फोन कसा वापरतो, हे बघायची मला खोड आहे. त्या नजरेने पाहिलं तर सोमाली लोक जगातल्या सगळ्यात बोलक्या, हजरजबाबी आणि वाद घालणाऱ्या नेटकऱ्यांपैकी आहेत. त्यांची थट्टा कशी चालते, ओळख कुठे आड येते आणि राजकारण कुठून घुसतं, हे या लेखात सोप्या भाषेत पाहूया.

थोडी पार्श्वभूमी

सोमाली भाषा फक्त सोमालियात बोलली जात नाही. जिबूती, इथिओपियाचा पूर्व भाग आणि केनियाचा ईशान्य भाग इथेही सोमाली लोक राहतात. सोमालियाच्या निळ्या झेंड्यावरच्या पांढऱ्या ताऱ्याला पाच टोकं आहेत. वसाहतींच्या काळात सोमाली लोक ज्या पाच प्रदेशांत वाटले गेले, त्यांची ती खूण.

१९९१ मध्ये सियाद बर्रे यांची लष्करी राजवट कोसळली आणि यादवी युद्ध पेटलं. लाखो लोक देश सोडून गेले. आज नैरोबीचा ईस्टली भाग, लंडन, टोरांटो, स्टॉकहोम, अमेरिकेतलं मिनियापोलिस अशा ठिकाणी मोठी सोमाली वस्ती आहे. परदेशात राहणाऱ्या अशा माणसाला सोमालीत 'कुर्बाजोग' म्हणतात. एकाच घरातला एक भाऊ मोगादिशूत, बहीण लंडनमध्ये आणि काका मिनियापोलिसमध्ये, असं चित्र नेहमीचं आहे. अशा घराचा ओटा म्हणजे फोन. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, व्हॉइस नोट आणि लाइव्ह व्हिडिओ या गोष्टी तिथे नुसता टाइमपास नाहीत.

कीबोर्डचा प्रश्न त्यांनी १९७२ मध्येच सोडवला

आपण मराठी बऱ्याचदा इंग्रजी अक्षरांत टाइप करतो आणि मग प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. सोमाली लोकांना ही अडचण फारशी येत नाही, कारण १९७२ मध्ये सोमाली भाषेसाठी रोमन लिपी अधिकृत झाली. त्याआधी अरबी, रोमन आणि १९२० च्या दशकात उस्मान युसूफ केनादिद यांनी तयार केलेली 'उस्मान्या' अशा लिपींमध्ये कोणती निवडायची यावर बराच वाद होता. उस्मान्या लिपी २००३ मध्ये युनिकोडमध्ये आली, पण रोजच्या वापरात रोमनच राहिली.

गंमत अशी की यातल्या काही अक्षरांचे उच्चार आपल्या ओळखीचे नाहीत. 'एक्स' हे अक्षर घशातल्या 'ह'साठी आणि 'सी' हे अरबीतल्या 'ऐन'साठी वापरतात. म्हणजे 'सी-ए-एल-आय' असं लिहिलेलं दिसलं तर ते 'काली' नाही, 'अली' आहे! 'हसन'ची सुरुवात 'एक्स'ने होते. 'पी', 'व्ही' आणि 'झेड' ही अक्षरं सोमाली वर्णमालेत नाहीतच. म्हणून पास्ता झाला 'बास्तो' आणि पाकिस्तान झाला 'बाकिस्तान'. परदेशात वाढलेली पोरं आई-वडिलांच्या या 'प'च्या 'ब'वरून भरपूर व्हिडिओ बनवतात. आपण नाही का घरातल्या मोठ्यांच्या इंग्रजीवर रील बनवत? तसंच.

नाव विचारू नका, टोपणनाव विचारा

सोमाली माणसाला आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं, अशी साखळी असते. ही वंशावळ पिढ्यान्‌पिढ्या मागे मोजण्याला 'अबतिर्सी' म्हणतात आणि लहान मुलांना ती पाठ करायला लावतात. आमच्या क्षेत्रात फॉर्म डिझाइन करताना 'आडनाव' हा रकाना सक्तीचा ठेवण्याची सवय आहे. तो रकाना भरायला सोमाली माणूस आजोबांचं नाव टाकतो आणि मग एकाच घरातल्या बाप-लेकाची 'आडनावं' वेगळी दिसतात. फॉर्म बनवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं असं आहे.

त्यातच महमद, अहमद, अली, हसन अशी नावं हजारोंची. मग ओळखायचं कसं? तिथे 'नानाय्स' म्हणजे टोपणनाव कामी येतं, आणि ते अजिबात गोड नसतं. उंच माणूस 'डेरे', लंगडणारा 'लुगे'. राष्ट्राध्यक्षही यातून सुटत नाहीत. हुकूमशहा सियाद बर्रे यांना लोक 'अफवेय्ने' म्हणत, म्हणजे मोठ्या तोंडाचा. २०१७ ते २०२२ या काळात राष्ट्राध्यक्ष असलेले महमद अब्दुल्लाही महमद जगभर 'फर्माजो' म्हणूनच ओळखले जातात. हा शब्द इटालियन भाषेतल्या 'चीज'वरून आला आहे. देशाच्या दक्षिण भागावर इटलीची सत्ता होती, त्याची ही आठवण.

म्हणून सोमाली कमेंटमध्ये कुणाच्या दिसण्यावरून नाव पडलेलं दिसलं तर तो लगेच अपमान समजू नका. पण बाहेरच्याने तेच नाव उगाच वापरलं, तर मात्र तो अपमानच ठरू शकतो.

'बसून लढाई': कट्ट्यापासून ग्रुपपर्यंत

सोमालीत 'फडि कु दिरिर' असा झकास शब्दप्रयोग आहे. अर्थ: बसल्या जागी लढणं. चहाच्या दुकानात बसून तासन्‌तास राजकारणावर तावातावाने बोलायचं, सगळ्या जगाचे प्रश्न सोडवायचे आणि घरी जायचं. आपल्या चहाच्या टपरीवरचं दृश्य आठवा! मिनियापोलिसच्या कॉफी शॉपमध्येही हेच चालतं आणि आता ग्रुपमध्येही.

या वादांची धार कवितेतून आली आहे. सोमाली परंपरेत कविता हे राजकारणाचं हत्यार आहे. 'गबय' या काव्यप्रकाराचा नियम असा की संपूर्ण कवितेत एकाच ध्वनीचा अनुप्रास सांभाळायचा. एकाने 'द'चा अनुप्रास धरून कविता केली की उत्तर देणाऱ्यानेही 'द'च धरायचा. १९७९ मध्ये गार्रिये या कवीने कबिलावादावर टीका करणारी कविता रचली, हद्रावी यांनी तिला प्रतिसाद दिला आणि बघता बघता अनेक कवींची साखळी तयार झाली. ती 'देल्ले' या नावाने ओळखली जाते. गार्रिये आणि हद्रावी ही दोन्ही टोपणनावंच बरं का!

या कविता सरकारी रेडिओवर लागणं शक्य नव्हतं. त्या पसरल्या ऑडिओ कॅसेटवर. एकाने रेकॉर्ड करायची, दुसऱ्याने कॉपी काढायची, तिसऱ्याने परदेशात पाठवायची. आजच्या भाषेत सांगायचं तर फॉरवर्ड होणारी व्हॉइस नोट आणि तिच्याखाली रिप्लाय थ्रेड. तंत्रज्ञान बदललं, सवय तीच राहिली.

बायकांचा स्वतंत्र काव्यप्रकारही आहे, 'बुरांबुर'. लग्नात ताल धरून तो सादर करतात आणि त्याचे व्हिडिओ आज जोरात फिरतात.

रोजची थट्टा कशावर चालते?

एक, भातासोबत केळं. सोमाली लोक मसालेदार भाताबरोबर केळं खातात. बाहेरचे नाकं मुरडतात, आणि सोमाली लोक तेवढ्याच अभिमानाने फोटो टाकतात. तसं त्यांच्या ताटात आपल्याला ओळखीचंही बरंच सापडेल: 'संबूस' म्हणजे समोसा आणि 'बजिये' म्हणजे चवळीची भजी. हिंदी महासागराच्या व्यापाराने शब्द आणि पदार्थ दोन्ही नेले. हिंदी चित्रपटही तिथे सोमालीत डब होऊन पाहिले जातात.

दोन, 'गेलजिरे', म्हणजे उंट राखणारा. शहरी पोरगं दुसऱ्याला चिडवायला हा शब्द वापरतं आणि तिसरं पोरगं तोच शब्द अभिमानाने स्वतःला लावतं.

तीन, कुर्बाजोग विरुद्ध मायदेशी. परदेशी पोरांची मोडकी सोमाली हा हुकमी विषय. आणि ऐकत नाहीस तर 'डकन चेलिस'ला पाठवू, म्हणजे संस्कार शिकायला आफ्रिकेत परत धाडू, ही आई-बापाची धमकी. ऐकायला विनोदी वाटते, पण काही मुलांना खरोखर फसवून नेलं गेलं आणि कडक संस्थांमध्ये डांबलं गेलं. म्हणून या विनोदावर सगळेच हसत नाहीत.

थट्टा कुठे संपते?

सोमालीत कुळाला किंवा टोळीला 'कबील' म्हणतात. आपला 'कबिला' हा शब्दही त्याच अरबी शब्दावरून आला. कबिल्याच्या नावाने भेदभाव म्हणजे 'कबियालद'. यादवी युद्धात माणसं कबिला विचारून मारली गेली, म्हणून "तू कुठल्या कबिल्याचा?" हा प्रश्न साधा नाही.

राजकारणात तर हे गणितच बनलं. २००० साली जिबूतीतल्या आर्ता इथल्या परिषदेत '४.५' हे सूत्र ठरलं. चार मोठ्या कबिला-गटांना संसदेत प्रत्येकी समान वाटा आणि उरलेल्या सगळ्या अल्पसंख्याकांना मिळून अर्धा. 'पॉइंट पाच' म्हणून कुणाला हिणवणं, हा त्या अर्ध्याचा टोमणा. सोमाली बंटू समाजाला केसांवरून 'जरेर' म्हणतात. त्यामागे गुलामगिरीचा इतिहास आहे. हे 'लुगे'सारखं मैत्रीतलं टोपणनाव नाही. वरून दोन्ही शब्द शरीरावरचेच, पण एक मित्राने दिलेला आणि दुसरा संपूर्ण समाजाला खाली ठेवण्यासाठी. जातीवरून केलेले 'जोक' आपल्याला माहीत आहेतच, त्यामुळे हा फरक मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको.

इथेच मशीन गडबडते. शिव्या ओळखणारी सिस्टिम शब्द बघते, नातं बघत नाही. सोमालीसारख्या भाषेत तिला शिकवायला मजकूरही कमी असतो. मग निरुपद्रवी टोपणनाव उडतं आणि खरी विषारी पोस्ट तशीच राहते.

टिकटॉक लाइव्हची लढाई

भारतात जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं, त्यामुळे आपल्या लहान वाचकांना 'बॅटल' माहीत नसेल. स्क्रीनचे दोन भाग होतात, दोन होस्ट समोरासमोर येतात आणि काही मिनिटांत कुणाला जास्त गिफ्ट मिळतात ते मोजलं जातं. गिफ्ट विकत घेतलेल्या कॉइनमधून येतात. होस्टला त्यातला वाटा मिळतो, कंपनी आपला हिस्सा ठेवते.

सोमाली वर्तुळात अशा काही लढाया कबिला विरुद्ध कबिला अशा झाल्या. आपल्या कबिल्याची इज्जत राखायला परदेशातले लोक पैसे ओततात. विचार करा: इथे भांडण जितकं पेटेल तितकी कमाई जास्त, होस्टची आणि कंपनीचीही. चहाच्या दुकानातला वाद रात्री दुकान बंद झालं की संपायचा. या वादाला शटर नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये सोमालिया सरकारने टिकटॉक आणि टेलिग्रामवर बंदी जाहीर केली. कारण दिलं दहशतवादी प्रचार आणि अश्लील मजकूर.

इमोजीतलं राजकारण

सोमालीलँडने १८ मे १९९१ रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं. स्वतःचं चलन, निवडणुका, पासपोर्ट सगळं आहे, पण बहुतेक देशांची मान्यता नाही. त्यामुळे देशांच्या आंतरराष्ट्रीय दोन-अक्षरी यादीत त्याला कोड नाही. देशांच्या झेंड्यांचे इमोजी याच कोडवरून बनतात. म्हणजे हर्गेसातल्या मुलीला १८ मेच्या शुभेच्छा द्यायच्या असतील, तर तिच्या कीबोर्डवर तिचा झेंडाच नाही! ती हिरवं, पांढरं, लाल हृदय टाकून काम भागवते. फोनचा कोडही सोमालियाचाच, +२५२. मोगादिशूतल्या माणसाला यात देशाची एकता दिसते, हर्गेसातल्याला अन्याय. दोघांच्या बायोमधला झेंडा बघून वाद सुरू होतो.

भाषांतरावर डोळे मिटून विश्वास नको

जानेवारी २०२४ मध्ये इथिओपिया आणि सोमालीलँडने समुद्रकिनाऱ्याबाबत करार केला आणि सोमालिया भडकला. त्याच महिन्यात अमेरिकन काँग्रेसच्या सदस्या इल्हान ओमर यांचं मिनियापोलिसमधलं सोमाली भाषण इंग्रजी सबटायटलसह व्हायरल झालं. त्या क्लिपवरून त्यांच्या देशनिष्ठेवर प्रश्न उठले. पण नंतर स्वतंत्र भाषांतरं झाली तेव्हा सबटायटल चुकीचं असल्याचं दिसलं. तोवर ते लाखो लोकांपर्यंत पोचलेलं होतं.

उलटी गोष्टही घडते. २०१५ मध्ये सोमालीलँडच्या नावाने एक अभ्यास-नियतकालिक निघालं, पण त्याच्या संपादक मंडळात एकही सोमाली नव्हता. संशोधक साफिया ऐदिद यांनी 'कदान स्टडीज' हा हॅशटॅग सुरू केला. सोमालीत लिहिलेला हा शब्द उच्चारायचा 'अदान', अर्थ 'गोरा'. 'सी' अक्षराचा नियम आठवला ना? टोमणा अचूक बसला आणि आमच्याबद्दल कोण बोलणार, यावर गंभीर चर्चा झाली.

लक्षात ठेवण्यासारखं

• दुसऱ्या समाजाची टिंगल दिसली की आधी बघा: बोलणारा आतला आहे की बाहेरचा?
• अनोळखी सोमाली माणसाला कबिला विचारू नका. गाव किंवा शहर विचारा.
• परक्या भाषेतली क्लिप फॉरवर्ड करण्याआधी सबटायटल कुणी लावलंय ते तपासा.
• लाइव्हवर भांडण रंगात आलं की स्वतःला एकच प्रश्न विचारा: यातून पैसे कुणाला मिळतायत?

पुण्यात शिकायला येणारे सोमाली विद्यार्थी तुमच्या कॉलेजमध्येही असतील. चहा प्या, गप्पा मारा, केळं-भाताबद्दल जरूर चिडवा. फक्त तो "सोमालियातून आलायस का?" वाला जोक मात्र आता सोडून द्या. लेख आवडला तर मित्रांना पाठवा!