छत्तीसचा हिशेब

आमच्याकडे गणपतीत भरलेला रोल दिवाळीपर्यंत पुरवावा लागे. फोटो ३६ च. वडील बटण दाबण्याआधी कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीतला आकडा बघायचे आणि पुष्कळदा कॅमेरा तसाच खाली ठेवायचे. रोल धुवून आला की निगेटिव्हच्या पट्ट्या बटरपेपरच्या पाकिटात घालून कपाटाच्या खणात जात. जागा कधी अपुरी पडलीच नाही, कारण निवड आधीच झालेली असे.

आज फोन ‘स्टोरेज फुल’ म्हणतो तेव्हा मला तो खिडकीतला आकडा आठवतो. डिजिटल फोटोच्या जन्मकथेतही तो आहे.

डिसेंबर १९७५. अमेरिकेत रोचेस्टरला, कोडॅकच्या प्रयोगशाळेत, स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र कृष्णधवल, ठिपके अवघे १०,०००. फोटो साठवायचा कॅसेटवर. एक फोटो टेपवर उतरायला २३ सेकंद लागत. कॅसेटवर आणखी फोटो मावले असते, पण सॅसनने मर्यादा ३० वर ठेवली. रोल २४ चे आणि ३६ चे मिळत, लोकांच्या हाताला तेवढ्याचीच सवय होती. जागा शिल्लक असताना माणसाची सवय ओळखून आकडा बांधून देणं, हा मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

पुढचा मोठा टप्पा फोटो लहान करण्याचा. १२ मेगापिक्सेलचा फोटो जसाच्या तसा ठेवला, तर ठिपक्यामागे ३ बाइट धरून ३६ एमबी होतात. पुन्हा ३६! फोनमध्ये तो ३-४ एमबीत बसतो, त्यामागे बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांचं गणित आहे. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे या कामासाठी निधी मागितला, मिळाला नाही. तरी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते तडीस नेलं आणि १९७४ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे, चौकोनातला ढोबळ चढउतार जपायचा आणि डोळ्याला जाणवत नाही असा बारीकसारीक तपशील गाळायचा. १९९२ च्या जेपेगचा हाच कणा. आपल्या मोबाइलमधल्या आजीचं हसू या चाळणीतून आलेलं असतं. नासिर अहमद हे नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवं.

मग जागा भराभर वाढली. १९९७ च्या सोनी माविकात १.४४ एमबीची साधी फ्लॉपी सरकवायची, चांगल्या दर्जाचे पंधरा-वीस फोटो निघत. त्यापाठोपाठ मेमरी कार्डं, ७०० एमबीच्या सीडी, हार्डडिस्क. २०१५ मध्ये गूगल फोटोजने, दर्जा थोडा उतरवून, हवी तेवढी जागा फुकट दिली आणि निवडायची आपली सवय मोडली. १ जून २०२१ पासून नवे फोटो जीमेल आणि ड्राइव्हसोबतच्या १५ जीबीत मोजले जाऊ लागले. सवय मात्र परत आली नाही.

परवा पुतणीच्या बारशाचे फोटो काढून बसलो. ४१२. आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करते तो क्षणच बावीस वेळा. त्यातल्या एकाच फोटोत बाळाचे डोळे टक्क उघडे आहेत आणि मागे आईने पदर तोंडाला लावलाय. तो ठेवला. दोन संध्याकाळी गेल्या, पण ३६ वर आलो. आता ते बारसं कोणालाही पाच मिनिटांत दाखवता येतं.

तुम्हीही एका समारंभापासून सुरुवात करा. ठेवायचे फोटो आधी हार्डडिस्कवर उतरवा, मगच बाकीच्यांना हात लावा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो तिथून डिलीट केला, तर तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडमधूनही. ट्रॅशमध्ये तो ६० दिवस राहतो.