सागरी मंचाच्या डेकवरील तरंगप्रेरणा

समुद्रतळावर उभारलेल्या खनिज तेलाच्या मंचाच्या डेकपर्यंत लाटेचा माथा पोहोचला असता डेकवर ज्या आडव्या व उभ्या प्रेरणा येतात, त्यांचे अनुमान करण्याचे तंत्र. मंचाच्या पायांवरील प्रेरणांचे गणित पुष्कळ आधी बसले. डेकचा प्रश्न मात्र दीर्घकाळ सोडविण्यापेक्षा टाळलाच गेला.

जे. आर. मॉरिसन व त्यांचे सहकारी यांनी १९५० मध्ये खांबावरील तरंगप्रेरणा दोन पदांच्या बेरजेने मांडली : पाण्याच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असणारे कर्षण आणि प्रवेगावर अवलंबून असणारे जडत्व. सतत पाण्यात असलेल्या सडपातळ खांबाला हे सूत्र चांगले लागू पडते. डेक एरवी कोरडे असते. रुंद पृष्ठभाग क्षणार्धात भिजतो, तीव्र आघात होतो, डेक वर उचलले जाते आणि पाणी ओसरताना खाली ओढले जाते. अशा आघाताचा पाया टी. फोन कार्मान (१९२९) व एच. वाग्नर (१९३२) यांनी जलविमाने पाण्यावर उतरतानाच्या प्रेरणांच्या अभ्यासात घातला होता.

डेक लाटेच्या आवाक्याबाहेर ठेवणे, हा अभियंत्यांना सोपा मार्ग वाटला. मेक्सिकोच्या आखातातील प्रारंभीचे अनेक मंच पंचवीस वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या लाटेसाठी आखलेले होते. हिल्डा (१९६४) व बेट्सी (१९६५) या चक्री वादळांत अनेक मंच कोसळल्यावर शंभर वर्षांचा निकष रूढ झाला. लाटेच्या माथ्यावर निदान १.५ मी. मोकळी जागा सोडण्याचा अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा दंडकही प्रचारात आला.

परंतु ही मोकळी जागा कायम राहीलच असे नाही. उत्तर समुद्रातील नॉर्वेच्या एकोफिस्क क्षेत्रात तेल व वायू काढल्यामुळे समुद्रतळ खचत असल्याचे १९८४ मध्ये लक्षात आले आणि १९८७ मध्ये तेथील मंचांची डेके ६ मी. उचलावी लागली. प्रत्येक जुन्या मंचाबाबत असा खर्च परवडणारा नव्हता. अँड्र्यू वादळानंतर (१९९२) तर आखातातील जुने मंच कितपत टिकतील, हे आकड्यांत सांगणे भाग पडले.

त्यासाठी संस्थेने स्वीकारलेली रीत साधी आहे. लाटेत सापडणारे डेकचे दर्शनी क्षेत्रफळ, पाण्याची घनता व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराची निमपट काढून तिला कर्षणगुणांकाने गुणतात. लाट डेकवर समोरून येत असेल, तर यंत्रसामग्रीने गच्च भरलेल्या डेकसाठी हा गुणांक २.५ आणि उघड्या डेकसाठी १.६ धरतात. ही रीत उभ्या प्रेरणेविषयी मौन बाळगते, हा तिचा मोठा दोष होय, पी. कॅप्लन व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या संवेगाधिष्ठित पद्धतीत ती प्रेरणाही येते.

१ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातील ड्रॉप्नर मंचावर २५.६ मी. उंचीची लाट नोंदली गेली. तिचा माथा समुद्रपातळीपासून सु. १८.५ मी. वर होता. ३० डिसेंबर २०१५ रोजी कॉसलइनोव्हेटर या तरत्या वेधनमंचाच्या निवासी भागावर लाट आदळून एक कामगार मृत्युमुखी पडला. त्यानंतर तरत्या मंचांच्या डेकवरील आडव्या आघाताचे नियम नव्याने तपासण्यात आले.